सुतळीचे दोन गोल

अहो,

नमस्कार. मी बरी आहे, गुडघाही फार कुरकुरत नाही. तुम्ही वेळेवर जेवता ना? झोपताना गॅस बंद करत जा.

आता लेकीचं. तिला मानसोपचारांसाठी इथे घेऊन निघताना तुम्ही म्हणाला होतात, "नुसतं बोलून कुठे पोट भरतं?" मलाही तसंच वाटायचं. तिशीची मुलगी, हाडांचा सापळा झाली तरी ताट दूर सारते. तिला गप्पांनी काय गुण येणार?

काल मानसोपचाराच्या बाईंनी मलाही आत बसवलं. लेकीच्या हातात सुतळी देऊन म्हणाल्या, "तुझी कंबर तुला जेवढी वाटते, तेवढा गोल जमिनीवर कर." तिने केला. मग बाईंनी दुसऱ्या सुतळीने तिची खरी कंबर मोजली आणि तो गोल पहिल्याच्या आत ठेवला. परातीत वाटी ठेवावी तसा दिसला.

अहो, मी थक्कच झाले! पोरगी हट्ट करत नव्हती. तिला स्वतःचं अंग खरोखर तेवढं दिसतं. तीही त्या गोलांकडे बघतच राहिली.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे बाई स्पष्ट सांगतात. वजनकाटा अजून हललेला नाही. पण नंतर जेवताना तिने पहिला घास परत वाटीत ठेवला आणि म्हणाली, "आई, काहीतरी बोलत राहा." मी तुमच्या घोरण्याचे किस्से सांगत सुटले. ती हसली, आणि हसता हसता वाटी रिकामी झाली.

बोलून पोट भरतं हो. तुमच्या फजितीचे आणखी किस्से लगेच लिहून पाठवा, माझ्याकडचे संपत आलेत.

तुमचीच