नंदाताईंच्या नावाचे डबे

९ ऑक्टो., सोम.
सकाळी दुकान उघडताच भांड्यांची मोठी ऑर्डर. सोनखांबच्या सरपंच नंदाताई, त्यांचे मालक रंगनाथ आलते. कडीचे तीन पुडाचे डबे, जाड पत्र्याचे. गावातल्या ज्या बाया दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार, त्यांची नवरात्रात ओटी भरायची आणि एकेक डबा द्यायचा. प्रत्येक डब्यावर नाव: सौ. नंदाताई, सरपंच, सोनखांब, यांजकडून सस्नेह भेट.
रंगनाथ म्हणाले, "परमुलखात भाकर खाताना सरपंचाचं नाव वाचलं पाहिजे, मास्तर."
म्हणलं, "वाचता येतं का सगळ्यांना?"
"तुमचं अक्षर हाय की. आंधळ्याला बी वाचता येतंय."
खुशामत आहे हे कळतं. तरी बरं वाटलं. बिलाचं मागून बघू म्हणाले. गिऱ्हाईक जुनं. हो म्हणलं.

१३ ऑक्टो., शुक्र.
चार दिवस यंत्राच्या सुईनं डब्यांवर नुसतं नाव घालतोय. बाजारात आता छाप घेऊन बसतात, ठोकला की झालं. मी छाप वापरत नाही. सुई हातात धरून, वेलांटी शेवटपर्यंत नेऊन, शिरोरेघ एका दमात. चौथीतून सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे म्हणून सांगितलं तर कुणाला पटत नाही. मास्तर हे नाव लोकांनी ठेवलं, मी मागितलं नव्हतं.
यंत्राच्या थरथरीनं बोटं बधिर. चहाचा कप धरवेना. सौ. म्हणाली, "सरपंचबाईला सांगा, नाव जरा आखूड करा."

१६ ऑक्टो., सोम.
टेंपोत डबे घालून सोनखांबला. देवीच्या देवळापुढं सतरंज्या. नंदाताईंनी स्वतः एकेकीची ओटी भरली, डबा हातात दिला. घाई नाही, फोटोसाठी थांबणं नाही. एक म्हातारी म्हणाली, "सरपंचबाई, लग्नात माझ्या आईनं बी मला नवं भांडं दिलं न्हवतं." नंदाताईंचे डोळे भरले.
मला जेवायला बसवलं. म्हणाल्या, "दादा, औंदा ऊस बरा गेला. ह्यांना म्हणलं, त्यातलं थोडं बायांसाठी करू. ऐकलं बघा ह्यांनी."
सौ.ची धाकटी बहीण कुसुम तिथली अंगणवाडी सेविका. तीही होती. पण जेवली नाही. उपास असेल.

१९ ऑक्टो., गुरु.
रंगनाथ बिलासाठी आले. चिठ्ठीवर मजकूर लिहूनच आणलेला: अंगणवाडीसाठी ताटं, वाट्या, पेले, दोन मोठी पातेली. बिल ग्रा.पं.च्या नावे. महिला व बालकल्याणाचा पैसा.
"ही भांडी मी दिली कुठं?"
"कागदावर द्या की."
"मला असं जमत नाही. डबे परत आणा."
हसले. "आणतो. विका मग. नाव तर तुमीच घातलंय."
बरोबर आहे. नाव घातलेलं भांडं कोण घेतो? मोडीतच जायचं. बावीस वर्षं दुकान करतोय आणि बिलाची बोली आधी न करता सुई लावली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला गाढव म्हणलो असतो.
जाताना म्हणाले, "माल मिळाल्याची सही सेविका करंल. तुमचं नातंच हाय, तुमाला कशाची काळजी?"
सेविका म्हणजे कुसुम. तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

२१ ऑक्टो., शनि.
कुसुम अंगणवाडीतून सरळ दुकानात. पाणी पण घेतलं नाही. पोरांना ताटं नाहीत हे तिच्याकडून आज पहिल्यांदा कळलं. घरून आणतात ती त्यात खातात, बाकीची त्यांचं होईपर्यंत थांबतात. तोडीला जाणाऱ्यांची पोरं मागं आजीपाशी राहतात, त्या आज्यांना ताट पाठवायचं सुचत नाही.
रंगनाथनी तिला सांगितलंय, सही कर, नाहीतर बाई कामावर नसते असा अर्ज तालुक्याला जाईल. पंधरा दिवसांनी पर्यवेक्षिका बाई येणार, तेव्हा कागद तयार पाहिजे. आणि बाईंनी ताटं दाखव म्हणलं तर? सही कुसुमची, जबाब कुसुमचा. नवरा गेल्यापासून त्या घरात तेवढाच पगार येतो.
"भावजी, तुमी बिलच करू नका. बिल न्हाई तर मी सही कशावर करू?"
सौ. मधेच म्हणाली, "आणि डब्यांचं काय? का अक्षर छान आलं म्हणून फुकट?"


२२ ऑक्टो., रवि.
शेजारचा कापडवाला म्हणतो, सगळीकडं असंच असतं, शाली-टोपी-टॉवेल पंचायतीच्या खर्चात अन् नाव पुढाऱ्याचं. "तुमी कशाला जिवाला लावून घेता?"
त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तरी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही.

२४ ऑक्टो., दसरा
यंत्राची पूजा केली. झेंडू. मन नव्हतं.
दुपारी स्टँडजवळ सोनखांबच्या टोळीचा ट्रक चहाला थांबला. गाठोडी, कोंबड्या, एक शेळी, वर बाया. फाळक्याच्या कडीला माझे डबे ओळीनं अडकवलेले, उन्हात चमकत होते. एकीनं ओळखलं. "मास्तर, लई भारी डबा, सांडत न्हाई." हात केला. मीही केला.
त्यांचा काय दोष. आणि नंदाताईंचा?

२७ ऑक्टो., शुक्र.
सोनखांबला गेलो. रंगनाथ बीडला गेलते, ते विचारूनच गेलो. नंदाताई ओसरीत तूर निवडत होत्या. सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. कुसुमचंही.
सूप खाली ठेवलं. 
मग म्हणाल्या, "माझी सही म्हंजी ते डोंगल, दादा. संगणकाला लावलं की पैसे जातात. ते ह्यांच्या खिशात असतं. निवडून आले त्या दिवसापसून." आणि थोड्या वेळानं, "तुमाला कवा कळलं?"
"एकोणीसला. बिलाच्या दिवशी."
"अन् सांगायला आज आले. कुसुमला इतके दिवस तसंच घोरात ठेवलं."
परत येताना गाडी घाटात थांबवली. तसाच बसलो.

३० ऑक्टो., सोम.
नंदाताई एकट्याच दुकानात. एसटीनं आल्या, बरोबर पोतं. आत पितळेची घागर, परात, दोन तांबे. म्हणाल्या, "मोडीत धरा. डब्यांच्या पैशात वळते करा."
घागर हातात घेतली. गळ्याशी त्यांच्या आईचं नाव, पुढं: कन्या नंदा हिस. यंत्राचं नाही, टोच्यानं एकेक ठिपका मारून. अंतर कुठं चुकलेलं नाही. कुणाचा हात असेल कोण जाणे. माझ्याहून चांगला.
ती ताजव्यात घालवेना.
म्हणलं, "ताई, ही मोड नाही. आणि तुम्ही कशाला? तुम्हाला तर माहीतच नव्हतं."
"डब्यावर नाव माझं हाय का न्हाई? मग डबे माझे. ग्रामपंचायतीचे कसे होतील?"
शेवटी असं ठरलं, भांडी माझ्याकडं राहतील, तूर विकली की सोडवून नेतील. "मोडू तेवढी नका. अन् त्या बायांना हे कधी कळू देऊ नका. त्यांना मी मनापसून दिलतं."
पदरात डोळे पुसले आणि एसटी चुकंल म्हणून भरभर गेल्या.

२ नोव्हें., गुरु.
रंगनाथ तणतणत आले. "माझ्या घरातली भांडी ठिवून घेता?"
"ज्यांनी ठेवली त्या आल्या की देईन."
"बायकूला भडकवलं तुमी."
 मग रात्रंदिवस घोळवलेलं सांगितलं. बिल तुमच्याच चिठ्ठीप्रमाणं करतो, एक अक्षर बदलत नाही. फक्त ताटं, वाट्या, पेले, पातेली खरोखर अंगणवाडीत पोचवतो. डब्यांचं नंदाताईंनी भागवलं. कुसुम खरी सही करंल, तुम्हालाही खोटं काही राहत नाही.
स्टुलावर बसले. घाम पुसला. मला वाटलं उठून मारतो की काय. उलट हळू बोलले. "मास्तर, वाडवडलांपसून आमच्या घरात कुणी कुणाला काय दिलं न्हवतं. द्यायची ऐपतच न्हवती. बाई सरपंच झाली, वाटलं आपल्या बी नावानं काहीतरी जावं." मग एकदम उठले. "तुमी लई बारीक हिशेबाचा माणूस आहात."
हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. अर्जाचं विचारलं तर ऐकलं न ऐकलं केलं.

४ नोव्हें., शनि.
रंगनाथच्या होकाराची वाट न बघता अंगणवाडीची भांडी पोचवली. ताटांवर नाव घातलेलं नाही. कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
कुसुमनं एकेक नग हातात घेऊन मोजला, जसा मी कुणी परका. तसंच पाहिजे. मग सही केली, तारीख टाकली. पोरांना उसळ वाढली. एक पोरगं ताट पुढ्यात असूनही शेजारच्याचं होईपर्यंत थांबलं. कुसुम त्याला "खा की रं" म्हणाली आणि तोंड फिरवून पाणी भरायला गेली.
रंगनाथ फिरकले नाहीत. पर्यवेक्षिका बाई परवा येणार. अर्ज तालुक्याला गेला का नाही, कुणाला माहीत नाही.

५ नोव्हें., रवि.
दुपारी नंदाताईंचा फोन. आवाज बारीक.
"दादा, डोंगल माझ्यापाशी हाय. सकाळी ह्यांच्या सदऱ्यातनं काढलं. उद्या बाई आल्या की मीच अंगणवाडीत बसते, कुसुमसंगं. बाईंना काय विचारायचं ते मला विचारू द्या."
"रंगनाथना माहीत आहे?"
"हुडकायलेत. आता आतल्या खोलीत आलेत." मागं कपाट उघडल्याचा आवाज. मग त्यांचा, लांबून: नंदे, तू बघितलं का?
फोन चालूच होता. मी दुकानात उभा, कानाला लावून. नंदाताई काय सांगतात ते ऐकायला थांबलो. त्या अजून काही बोलल्या नव्हत्या, आणि रेंज गेली.