उजव्या खांद्यावरची कळी

आबा, तो कॉलेजचा मास्तर तुम्हाला पुस्तकात भित्रा लिहिणार आहे, आणि वर मलाच विचारतोय, बाई, बरोबर आहे का. चार दिवस झाले, माझ्या कारखान्यात माझ्याच खुर्चीवर बसून माझाच चहा पितोय. कारखानदार भांडवल कुठून आणतात, धंदा वाढवायचा की नाही हे कशावरून ठरवतात, यावर त्याला लिहायचंय. गल्लीतल्या सगळ्या फौंड्र्या फिरून आला. म्हणाला, "शेजारच्यांनी भागीदार घेतला, मोठी भट्टी बांधली, आज दोन पाळ्या चालतात. तोच भागीदार आधी तुमच्या वडिलांकडं आला होता. त्यांनी नकार का दिला?" मी म्हटलं, "देवाचा कौल." तो हसला आणि त्यानं लिहून घेतलं. जोखमीची भीती, सगळा हवाला देवावर. मी दुसरी शिकलेली, पण एवढं वाचता आलं.

भीती तुम्हाला कधी होती? उसाच्या चरकाचा रूळ ओतून गार झाला की टिचकी मारून सांगायचात, आत पोकळ आहे का भरीव. पण माणसाला टिचकी मारता येत नाही म्हणायचात, म्हणून माणसाचं देवाला विचारायचं.

भागीदारी मागायला आलेला तो गुळाचा व्यापारी मला अजून ओट्यावर बसलेला दिसतो. मी आत साच्याची वाळू चाळते आहे. नवऱ्यानं टाकल्यावर तुम्ही मला चुलीपुढं नाही बसवलंत, हातात चाळण दिलीत आणि शनिवारी सगळ्यांच्या रांगेत उभं करून मजुरी. व्यापारी म्हणतो, "भांडवल माझं, डोकं तुमचं. पर लेकीबाळी आत नकोत, पावणं. ह्यो कारखाना हाय, माहेर न्हाय." तुम्ही म्हणता, "इचारून सांगतो." कुणाला, ते त्याला कळत नाही. मला कळतं.

मागच्या देवळीतला दगडी देव रोज मीच धुवायची, कौलाच्या कळ्याही मीच लावायची. ओल्या करून दोन खांद्यांना दोन. उजवी आधी पडली तर कर, डावी पडली तर नको. त्या सकाळी डावी मी पाण्यानं लावली. उजवीच्या बुडाला काकवीचं बोट फिरवलं. तुम्ही डोळे मिटून हात जोडलेत. डावी टपकन पडली. उजवी माशीसारखी चिकटून बसली. "न्हाय म्हणतोय," म्हणालात, आणि व्यापाऱ्याला निरोप धाडलात. त्यानं चार पावलं चालून शेजारचं दार वाजवलं.

त्यांच्याकडं भट्टी फुंकायला विजेचा पंखा आला. आपल्याकडं माणूस आला नाही की भाता तुम्हीच ओढायचात. धूर पोटात, खोकला छातीत. मी म्हणायची, आबा, बसा जरा. तुम्ही म्हणायचात, "देवानं आपलं आपल्याकडं ठेवलंय, मग वडाय नको व्हय?" दोन वर्षांत गेलात. त्या धुरात माझं बोट होतं.

एवढंच असतं तर मी मास्तराला कधीच सांगून मोकळी झाले असते. पण दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन देवळीपाशी आले, तर तुम्ही आधीच तिथं. देवाच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग. डावा स्वच्छ. तुम्ही धोतराच्या सोग्यानं मुंग्या झटकल्यात, बोट लावून बघितलंत आणि म्हणालात, "देवाला गोड लागलेलं दिसतंय." माझ्याकडं बघितलं नाहीत. व्यापारी अजून बाजारात होता, शेजाऱ्यांशी त्याचं पक्कं झालं नव्हतं, निरोप फिरवता आला असता. तुम्ही गेलात आणि भट्टी पेटवलीत. त्या शनिवारी मजुरी देताना रोजच्यासारखं म्हणालात, "मोजून घे."

हे पत्र कुठं टाकायचं ते मला कळत नाही. देवाच्या पायाशी ठेवावं तर त्याच्या तोंडाकडं बघायचं धाडस नाही; दहा वर्षं तो उजवा खांदा मी डाव्यापेक्षा जास्त घासते. मंगळवारी मास्तर उरलेले कागद भरायला येणार. त्याला सांगणार आहे, आबांनी धंदा भिऊन नाकारला नाही, कळी मी चिकटवली. लिही म्हणणार, माझं नाव घालून लिही. पण पुढं तो विचारणारच, मग त्यांना कळलं का, आणि कळलं तर त्यांनी कौल परत का लावला नाही? ते तुम्हालाच विचारते. तुम्हाला कळलंच नाही, का कळून मला ठेवून घेतलंत? कळलं नाही म्हणालात तर ते मी सोसेन. दुसरं कसं सोसायचं, ठाऊक नाही. तरी सांगा. मंगळवारी सकाळी, भट्टी पेटायच्या आत.