खिडकीतली नीळ

आई, तुझी नीळ यंदा फुलावर आली आणि सगळा घोळ झाला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी दरवर्षी बी आणते, रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरते. कळी दिसायच्या आत पाला कापायचा, फूल आलं की पानातला रंग उतरतो, हे तूच शिकवलंस. आणि फुललेल्या झाडाला विळा लावायचा नाही, हा तुझा दंडक. पण नेमकी तेव्हा मी बाबांना घेऊन हॉस्पिटलात होते. घाटकोपरला घरी परतले तर ग्रिलभर बारीक गुलाबी फुलं. शेजारीण म्हणाली, "काय झकास फुललंय ना!" मला रडूच आलं.

बाबा मला ओळखत नाहीत गं. हल्ली मालवणीच बोलतात, दाराकडे बघत विचारतात, "ती खंय गेली?" तू गेलीस हे सांगितलं की नव्यानं रडतात, म्हणून सांगणं सोडलं. तू स्वतः रंगवलेलं तुझं निळं पातळ मांडीवर दिलं की मात्र शांत व्हायचे, काठावरून बोट फिरवत जेवायचे. ते धुऊन धुऊन पांढुरकं पडलं आणि एक दिवस त्यांनी ढकलून दिलं. जेवणही सोडलं; हॉस्पिटलची पाळी त्यामुळेच आली. दुकानातली निळी कापडं आणून पाहिली, त्यांनी हात लावला नाही. तुझाच निळा हवा होता.

शेवटी फुलांची माफी मागितली आणि विळा लावला. पाला कुजवला, चुना घातला, तुझ्यासारखं हात भरून येईपर्यंत घुसळलं. मजलाभर वास. तुझ्या वेळी लोक नाकाला पदर लावून भांडायला यायचे आणि चहा पिऊन परत जायचे. मला ते कुठलं जमायला, मी दार लावून बसले. तुझं कापड बाहेर यायचं हिरवं आणि वाऱ्यावर बघता बघता निळं व्हायचं. मी बुडवलेलं तुझं पातळ बाहेर आलं मातकट, आणि तसंच राहिलं. बाबांनी ते नीट निरखलं. म्हणाले, "ह्यो रंग तिचो नाय." घास पुढे केला तर तोंड फिरवलं.

काल सकाळी पेज घेऊन त्यांच्यासमोर बसले, अंगात पिवळा गाऊन, केस विंचरलेले नाहीत. पिवळा! आणि ते एकदम हसले. माझा हात धरून म्हणाले, "खंय गेल्लंस गो?" मी तू होऊन म्हटलं, "हंयच आसंय." सगळी पेज प्यायले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. हे तुझ्यापर्यंत पोचायची सोय नाही तेच बरं, नाहीतर लिहिलं नसतं. आपली मुलगी कुठे गेली, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही, आणि मी कालपासून त्याची वाट बघते आहे.