फळ्यावरची पालथी वाटी

तीर्थरूप बाबा,

तुमच्या लेकीचा नमस्कार. खोली कोरडी आहे, पोटभर जेवते, काळजी करू नका. तुमचा खोकला थांबला का? धाकटी अजून तुमच्या चपला घालून फिरते का?

मागच्या आठवड्यात गणिताच्या सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. माझ्या चार चाचण्यांचे मार्क त्यांनी सगळ्यांसमोर वाचले. एक्केचाळीस, बावन्न, अठ्ठावन्न, साठ. "आलेख काढ," म्हणाले. मी काढला.

"चढतोय ना?"

"हो सर." मला वाटलं, कौतुक करतायत.

"दर वेळी किती चढला?"

"अकरा, सहा, दोन."

"म्हणजे चढ कमी कमी होतोय. चढ कसा बदलतो ते सांगणारं दुसरं डेरिव्हेटिव्ह इथे ऋण आहे. मग वक्र कसा दिसतो?"

"पालथ्या वाटीसारखा."

"आणि वाटीचा माथा कुठे?"

मी साठवर बोट ठेवलं.

"पुढे काय?"

मी बोट तिथून हलवलं नाही. तेव्हा त्यांनीच माझ्या बोटापासून खाली खडूची रेघ ओढली. वर्ग हसला. मीही हसले, बाबा, नाहीतर तिथेच रडले असते.

नंतर आठवडाभर जीव तोडून अभ्यास केला. काल पाचव्या चाचणीचा निकाल लागला. एकोणसाठ.

पेपर हातात देताना सरांनी माझी पाठ थोपटली. "हा धडा तुझ्याइतका कुणालाच समजला नाही," म्हणाले.

आईला मार्क सांगू नका. सरांनी पाठ थोपटली, एवढंच सांगा.

तुमची,
थोरली