बावीसचं अ‍ॅव्हरेज आणि माझा उजवा पाय

केडगाव, सोमवार

ती. आप्पासाहेब दाजींना गहिनीनाथचा साष्टांग (पाठ धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातलेला) नमस्कार. तुमची शुगर आता कशी आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक. फक्त गाडीची किल्ली नऊ दिवसांपासून राजेश्वरीच्या पर्समध्ये आहे, आणि ती परत मिळेपर्यंत मी ठीक नाही. म्हणजे ठीक नाहीच.

दाजी, दोन वर्षांपूर्वी राहुरीत तुमच्या ओट्यावर चार पाहुण्यांच्या देखत, बशीतला चहा फुंकत, मला ही गाडी विकताना तुम्ही म्हणाला होतात की ती डोळे झाकून बावीसचं अ‍ॅव्हरेज देते. मी ती डोळे उघडे ठेवून चालवतो. तेरा देते. लिटरला तेरा! दाजींनी फसवलं, असं मी घरात स्पष्ट बोललो. त्यावर राजेश्वरीने (नातं माझ्या बाजूचं आहे हे विसरून) तुमची बाजू घेतली. मला म्हणाली, “दाजी खोटं बोलत नाहीत. तुम्ही गाडी चालवत नाही, हाकता.” मग पैज लागली. टाकी काठोकाठ भरायची, केडगाव ते राहुरी जाऊन यायचं, परत काठोकाठ भरून हिशेब करायचा. ज्याचं अ‍ॅव्हरेज कमी, त्याने किल्ली सोडायची.

पहिल्या दिवशी मी निघालो. मी स्वाभिमानाने चालवणारा माणूस आहे. कोणी मला मागे टाकलं की त्याला मागे टाकल्याशिवाय मला घास गिळवत नाही. ब्रेक मी गतिरोधकापाशी पोचल्यावरच मारतो (त्याच्या आधी मारून करायचं काय?). डावा पाय क्लचवर ठेवतो, कारण मोकळ्या पायाला कुठेतरी टेकावं लागतं. वाटेत जुना मित्र भेटला, त्याच्याशी अर्धा तास बोललो. एसी चालू राहावा म्हणून इंजिन चालू ठेवलं. तेरा.

दुसऱ्या दिवशी ती. मी शेजारी, वही-पेन घेऊन. दाजी, गतिरोधक अजून क्षितिजावर असतानाच ही बाई ॲक्सिलरेटरवरचा पाय काढते! मोकळ्या रस्त्यावर साठच्या पुढे काटा नाही. एक दूधवाला कॅनसकट आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. मी दोनदा झोपलो. पंपावर मी टाकी सांडेपर्यंत भरायला लावली, तरी एकोणीस.

गाडीतच खोट आहे हे सिद्ध करायला मी ती राजेश्वरीला चालवायला लावून कोंडीराम मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. टायरमध्ये हवी तेवढ्याच्या निम्मी हवा. एअर फिल्टर त्याने जमिनीवर आपटला तर पुणे रस्त्याची निम्मी धूळ बाहेर. सर्व्हिसिंग कधी केलं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, दाजींनी देताना केलेलं असणारच. मग डिकी उघडली. तिच्यात जे निघालं त्याचा उल्लेख या पत्रात करण्याची गरज नाही. शेवटी हात पुसत, राजेश्वरीकडे बघून तो म्हणाला, “वैनी, गाडी लई गुनी हाय. सायबांचा पाय तेवढा जड हाय, अन् त्यो सुटा मिळत न्हाई.”

आता सांगा, या गाडीला हलका पाय लागतो हे विकताना सांगणं तुमचं कर्तव्य नव्हतं? हवा भरावी लागते, फिल्टर झाडावा लागतो, हे त्या ओट्यावर कोणी बोललं? बावीसचा आकडा मात्र चौघांना ऐकवलात. मला याचा संताप आहे आणि तो राहील.

ताईला नमस्कार.

तुमचा,
गहिनीनाथ

ता. क. डिकीत निघाला तो ताईचा पाटा. संक्रांतीला तिने पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे टाचून, आणायला माझ्याकडे दिला होता. दोन दिवसांत लावून मिळाला. तेव्हापासून, म्हणजे आठ महिने, तो माझ्याबरोबर फिरतोय. ताई पाथरवटाला शिव्या देते, त्या कारण न सांगता थांबवाव्यात.

ता. क. २ पाटा उतरवून, हवा भरून राजेश्वरीने काल गाडी शिर्डीला नेली. बावीस दिलं. दाजींची लेखी माफी मागितल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, असं तिचं म्हणणं. हे पत्र म्हणजे तीच माफी. वर दिसली नाही तर शोधत बसू नये. माफी पोचली, एवढा तिला फोन करावा.

ता. क. ३ पाकीट चिकटवण्याआधी राजेश्वरीने पत्र वाचलं. फोन करू नये. रविवारी मी पाटा मांडीवर घेऊन एसटीने येतोय. राहुरी स्टँडवर स्कूटर घेऊन यावं. टायरमधली हवा तेवढी बघून ठेवावी.