चिकटलेली बशी

कादिकॉय, इस्तंबूल
फेब्रुवारी १९७९

माझी लाडकी मुअल्लाताई,

तुझे दोन्ही हात आधी ओठांना आणि मग कपाळाला लावून पत्राला सुरुवात करते. (लहानपणी सणाच्या दिवशी मी अशी वाकले की तू हळूच चिमटा काढायचीस. तोही पोचला असं समजते.) तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेल्या लोकरीच्या पट्ट्या बांधतेस, की नेहमीप्रमाणे कपाटात ठेवल्यास? ओरहान भावजींच्या पोटाचं काय? तुमच्या जर्मनीतल्या कोलोन शहराचे डॉक्टर काहीही म्हणोत, त्यांना रात्री दही देऊ नकोस. आम्ही इथे देवाच्या कृपेने सुखरूप आहोत. तेल नाही, गॅसचा सिलिंडर नाही, संध्याकाळी वीज नाही, पण तब्येती ठणठणीत आहेत. रांगेत उभं राहून राहून माझ्या पायांना तर सोळा वर्षांच्या मुलीचा जोर आलाय.

आता मुख्य बातमी. आपल्या तारिकने, तुझ्या भाच्याने, मुलगी पसंत केली. होय, तोच तारिक, जो छत्तिसाव्या वर्षापर्यंत बोटीच्या इंजिनाशिवाय कशाकडे डोळे वर करून बघत नव्हता. मुलीचं नाव निलग्युन. उस्कुदारला औषधांच्या दुकानात बसते. शांत आहे, हसली की तोंडावर हात ठेवते, आणि (हे मी कुणाला बोलले नाही) कप उचलताना बशी डाव्या हातात धरते, अगदी माझा नेजात हयात असताना धरायचा तशी. त्या एका गोष्टीवर मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. पण माझ्या होकाराला विचारतो कोण? निलग्युनचे आईवडील ती लहान असतानाच गेले, तिला आजीनं वाढवलं. त्या बेहिजे हानिम, 'हानिम' शब्दाला शोभतील अशा बाईसाहेब. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण बोलायला लागल्या की मीच मान वर करून ऐकतेय असं वाटतं.

रीत काय, तर आपण मुलीच्या घरी जायचं, मुलीने कॉफी आणायची, आपण फेसाची तारीफ करायची आणि मुलगी मागायची. बेहिजे हानिमनी रीतच उलटी केली. म्हणाल्या, "माझी पोर ज्या घरात जायची, त्या घरची कॉफी आधी मी पिणार. आणि माझा कप उलटा केला की गाळात जी चित्रं उमटतील, त्यावरून माझं भविष्य त्या घरच्या बाईने वाचायचं. मग मी हो किंवा नाही म्हणेन." आता हे कप वाचायचं त्यांच्या डोक्यात कुणी घातलं? आपल्याच चिरंजिवांनी! आजीवर छाप पाडायला म्हणून सांगून बसला की माझी आई कप असा वाचते की लोक रडत घरी जातात. ताई, रडत घरी जातात ते तुझ्यापुढून. मी आयुष्यात कधी कपात डोकावले नाही. मी जाब विचारला तर म्हणतो, "मावशी काय आणि तू काय, एकाच घरातल्या ना?" तर असं त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं आणि स्वतः बोटीवर निघून गेला.

तुला आठवतंय ना, आपल्या फ्रेंच नन्सच्या शाळेत सिस्टर क्लोतिल्द कप उलटा करण्याला सैतानाची पाटी म्हणायच्या. तू जेवणघरामागे मुलींचे कप वाचायचीस आणि मी दारात पहारा द्यायची. तू कधी सापडली नाहीस, मी सापडले, आणि गुडघ्यांवर बसून माफीच्या प्रार्थना म्हटल्या त्याही मीच. त्या शाळेने मला फ्रेंच क्रियापदं शिकवली, रुमालाच्या कडेला जाळी विणायला शिकवलं, भरलेला ट्रे खाली न बघता कसा न्यायचा तेही शिकवलं. ट्रेमध्ये ठेवायची कॉफी कशी करायची हे मात्र शिकवलं नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा केली तेव्हा नेजातने कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "सुहेला, उद्यापासून सकाळी तू उशिरा उठ." तेव्हापासून तो जाईपर्यंत घरातली कॉफी त्यानेच केली. तो गेल्यावर मी चहा पिऊ लागले. त्याचा कॉफीचा डबा कपाटात वरच्या फळीवर होता. तळाला थोडी कॉफी होती. मी तो उघडत नसे, कारण उघडला की वास उडून जाईल आणि मग काय राहील?

म्हणून शिकायला गेले खालच्या मजल्यावरच्या मादाम ताकुहींकडे. त्या पूर्वी लग्नाचे कपडे शिवायच्या, आता कप वाचून लग्नं मोडणार की टिकणार ते सांगतात. पण शिकायचं कशावर? साऱ्या इस्तंबूलमध्ये या हिवाळ्यात कॉफीचा दाणा नाही. दुकानदार "कॉफी" म्हणून पुडी देतो ती भाजलेल्या हरभऱ्यांची भुकटी. तर मी रोज फुटाण्यांची कॉफी करू लागले. पाणी थंड घ्यायचं, साखर आणि भुकटी आधीच ढवळून घ्यायची, विस्तवावर ठेवलं की चमच्याला हात लावायचा नाही, फेस कडेकडून आत सरकू लागला की भांडं उचलायचं. हे सगळं मी अगदी नियमाने करत होते आणि फेस म्हणून काही येत नव्हता. मादाम ताकुही खुर्चीत बसून शेरे मारायच्या. "फेस म्हणजे कॉफीची अब्रू, सुहेला. तुझी कॉफी उघडी हिंडतेय." मी म्हटलं, फुटाण्यांना कसली अब्रू? तर म्हणाल्या, "बघ, तोंडाला फेस मात्र लगेच येतो. तो भांड्यात आण."

वाचन त्याहून बिकट. कपाच्या कानाची बाजू म्हणजे घर, काठाशी आहे ते लवकर होणार, तळाशी आहे ते उशिरा, मासा म्हणजे नशीब, पक्षी म्हणजे निरोप, साप म्हणजे तुझी जाऊ. (त्या "शत्रू" म्हणाल्या होत्या.) मला प्रत्येक कपात एकच चित्र दिसायचं, लांबलचक रांग. मादाम म्हणाल्या, यात तुझा दोष नाही, सध्या सगळ्यांच्याच कपात रांगा आहेत, आणि तसंही हरभऱ्यात फक्त हरभऱ्याचंच भविष्य दिसतं. तरी सराव हवा म्हणून आमच्या इमारतीचे जिने पुसणाऱ्या दोन्द्यूचा कप मी वाचला. एक गाठोडं दिसलं, म्हणून म्हटलं, "कुणीतरी मोठं गाठोडं घेऊन येईल आणि राहील." दुसऱ्या दिवशी तिची सासू गावाहून तीन गाठोडी घेऊन हजर झाली. तेव्हापासून दोन्द्यू माझ्याशी बोलत नाही आणि आमच्या मजल्यावरचा जिनाही पुसत नाही.

पाहुण्यांचा दिवस जवळ आला तशी माझी झोप गेली. मी काही भलतंच बोलून पोराचं लग्न मोडलं तर? मादाम ताकुहींना विचारलं, न वाचताच सुटायची काही वाट आहे का? त्यांनी भुवया उंचावल्या. "तुला माहीत नाही? बशी कपाला चिकटून आली की तो कप वाचायचाच नसतो. पिणाऱ्याने मनात धरलेली इच्छा वर मंजूर झाली असं समजायचं." मी विचारलं, "आणि आपणहून नाही चिकटली तर?" मादामनी छातीवर क्रूस काढला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "द्राक्षाची काकवी चांगली दाट असते." मग लगेच, "मी काही बोलले नाही हं."

तो दिवस उजाडला. मी नेजातचं लांब दांड्याचं भांडं घासून लखलखीत केलं, आणि मग कपाटावरचा डबा काढला. फुटाण्यांवर पोराचा संसार उभा करायला माझं मन घेईना. झाकण उघडलं. ताई, वास होता! अगदी थोडा, पण होता. मी झाकण धरून उभी राहिले, तोवर तारिक आत येऊन म्हणाला, "आई, त्या आल्या, आणि तू डबा काय हुंगत बसलीस?" एका कपापुरती कॉफी निघाली. ती बेहिजे हानिमसाठी केली, बाकीच्यांना फुटाणे. आणि त्यांच्या बशीला, जिथे कपाचा काठ टेकेल तिथे, काकवीचं बारीक वर्तुळ फिरवलं. सिस्टर क्लोतिल्दनी मला ट्रे खाली न बघता न्यायला का शिकवलं, ते त्या दिवशी कळलं.

बेहिजे हानिमनी पहिला घोट घेतला आणि थांबल्या. फेस फारसा नव्हता, मला वाटलं आता ऐकवणार. पण त्या हळूहळू प्यायल्या, शेवटपर्यंत. मग डोळे मिटून मनात इच्छा धरली, बशी कपावर ठेवली, फिरवली, उलटी केली, आणि थंड व्हायला वर आपली अंगठी ठेवली. आम्ही सगळे त्या कपाकडे बघत बसलो. तारिक तर इंजिनाचं तापमान बघावं तसा. शेवटी त्या म्हणाल्या, "वाच, मुली." मी बिस्मिल्ला म्हणून अंगठी बाजूला ठेवली आणि कप उचलला. बशी त्याच्याबरोबर वर आली. हलवला, तरी सुटेना. मी अंमळ मोठ्यानेच ओरडले, "चिकटली! इच्छा मंजूर झाली!" आणि (लाज सोडून सांगते) टाळी वाजवली.

बेहिजे हानिमनी बशीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "संपलं तर मग. निलग्युन, ऊठ, कोट घाल."

"पण आजी, झालं काय?" निलग्युनने विचारलं.

"मी मनात म्हटलं होतं, हे लग्न न होवो. वरून मंजुरी आली. देवाच्या पुढे मी कोण?"

ताई, ऐकलंस? कुणाच्या इच्छेला मंजुरी मिळणार हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी धरून चालले होते की सगळ्या जगाची इच्छा तीच माझी! निलग्युनने कोटाची एक बाही घातली, दुसरी तिच्या हाताला सापडेना. तारिकचा चेहरा तो सात वर्षांचा असताना त्याची होडी पाण्यात बुडाली होती तेव्हासारखा झाला. आणि मला स्वच्छ दिसलं की गप्प बसले तर माझी अब्रू राहते आणि लग्न मोडतं, बोलले तर अब्रू जाते, मग लग्नाचं देव जाणे.

"काकवी आहे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"बशीला मी काकवी लावली. ही मंजुरी देवाची नाही, माझी आहे."

बेहिजे हानिमनी कप माझ्या हातातून घेतला, बशीच्या कडेवरून बोट फिरवलं, ते तोंडात घातलं. मी डोळे मिटून घेतले. "इतकी दाट काकवी," त्या म्हणाल्या, "या दिवसांत तुला मिळाली कुठे?" मी दुकान सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि कॉफी? तीही लबाडीची?" मी म्हटलं, नाही, कॉफी खरी. माझ्या नवऱ्याची. तेवढीच उरली होती. आणि स्वयंपाकघरातून रिकामा डबा आणून दाखवला. का दाखवला कोण जाणे, कुणी मागितला नव्हता.

त्यांनी डबा हातात घेतला, आत पाहिलं, झाकण लावून परत दिला. मग बोलल्या, "मुलगा वाईट नाही तुझा. पण सकाळी दोन कप मांडायची माझ्या हाताला सवय आहे. पोर गेल्यावर एकच कप कसा मांडायचा, ते मला कुणी शिकवलेलं नाही." मला ते येतं, ताई. पण ती काही शिकवायची गोष्ट नाही, म्हणून मी बोलले नाही. कोटाची बटणं लावत त्यांनी निकाल दिला. "काकवीच्या कपावर हो नाही आणि नाही नाही. खरी कॉफी मिळव, कोरडी बशी ठेव, मग बघू. आणि सांगून ठेवते, इच्छा मी पुन्हा तीच धरणार." दारातून परत वळल्या. "फुटाणे चालणार नाहीत!"

तर असा सगळा प्रकार. तू हसत असशील. हस, तुझा हक्कच आहे. तुझा मुका घेते, भावजींना सलाम, आणि दोघांना सांभाळून राहा असं सांगते, जणू तुम्ही माझं कधी ऐकलंय.

तुझी,
सुहेला

ता. क. तुझ्या गुडघ्यांची चौकशी अगदी मनापासून केली आहे. पण पत्र लिहिण्याचं खरं कारण तू ओळखलंच असशील. कोलोनमध्ये दुकानात कॉफी नुसती फळीवर मांडलेली असते असं ऐकते. अर्धा किलो पाठव. हे पत्र आणणारा सालिह पुढच्या महिन्यात सुट्टीवर परत येणार आहे. भाजलेले दाणे पाठव, दळून नको, आणि ते भावजींच्या जुन्या मोज्यांत भर. भावजींचे मोजे उघडून बघण्याची हिंमत कुठल्याही कस्टमवाल्याला होणार नाही.

ता. क. दुसरा. बेहिजे हानिम आता दर गुरुवारी येतात. कॉफी चोरून आली नाही ना, हे तपासायला, असं म्हणतात. डबा उघडून बघतात, रिकामा बघून समाधानाने मान हलवतात आणि मग माझी फुटाण्यांची कॉफी पितात. तिला नावं ठेवतात आणि दुसरा कप मागतात. परवा मला भांडं कसं तिरपं धरायचं ते दाखवलं. फुटाण्यांना फेस आला, ताई! मागच्या खेपेला त्यांनी विचारलं की आमच्या मागच्या छोट्या खोलीत ऊन सकाळी येतं की दुपारी. मी म्हटलं सकाळी. त्या म्हणाल्या, "खिडकीतून वारा येतो," आणि जाताना आपल्या सपाता तिथेच विसरून गेल्या. त्या काही विसरणाऱ्यातल्या नाहीत. पुढच्या वेळी कप उलटा करताना त्या कुठली इच्छा धरणार, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

ता. क. तिसरा. वरचं लिहून झाल्यावर विचार केला. बेहिजे हानिम दिवसाला तीन कप पितात. अर्धा नको, एक किलो पाठव. भावजींचे दोन्ही मोजे लागतील.

ता. क. शेवटचा. सालिहबरोबर नेजातचा डबाही पाठवते आहे. मोज्यांतलं जे उरेल ते त्यातच भर. फक्त एक कर, भरण्याआधी डबा धुऊ नकोस.