पदराला बांधलेल्या गोळ्या

औरंगाबाद, शुक्रवार

ती. आईला तुळसाचा नमस्कार.

मी बरी आहे. मेसमधली भाकर जाड असती, पण पोट भरतं.

आता वॉर्डात गोळ्या द्यायचं काम माझ्याकडं आलंय. आधी नाव विचारायचं, कागदाशी ताडून बघायचं, अन् पेशंटनं गोळी गिळेपर्यंत तिथून हलायचं नाय.

काल बानाबाई नावाच्या म्हातारीच्या पदराला गाठ दिसली. आत तिच्याच बीपीच्या गोळ्या. म्हणाली, "घरी म्हाताऱ्याला बी चक्कर येती. मी एकटीच कशी खाऊ?" मी म्हणलं, "आजी, गोळी भाकरीवानी वाटून खायची नसती. त्यांचा दाब आधीच कमी असला, तर या गोळीनं ते पडतील. अन् तुमचा तसाच वाढत राहील." तिला पटलं नाय.

अण्णांचा पाय कसा आहे? शेळी व्याली का?

तुझ्या बीपीच्या गोळ्या मागंच संपायला हव्या होत्या. तू नव्या मागवल्या नायस. म्हंजी तू त्या खात नायस. बानाबाईवानी शेजारच्या आक्काबाईसाठी पदराला बांधून ठेवत नायस ना?

मल्हारी, हे पत्र आईला तूच वाचून दाखवतोस, म्हणून तुला सांगते. आईनं गोळी घेतली की तिला आ करायला लाव. मग पदर बघ.

तुझी,
तुळसा